ताटातील माप

शाळेच्या दप्तरात पुष्कळ गोष्टींची नोंद असते. कोण हजर, कोण गैरहजर, कोणाला किती गुण मिळाले, कोणाची उंची किती वाढली, हे सारे तेथे लिहिलेले सापडते. परंतु मूल घरून काय खाऊन आले, हे कोणत्याही हजेरीपटात लिहिलेले नसते. उपाशी मूल वर्गात क्वचितच रडते. ते गप्प बसते. फळ्याकडे पाहते, पण त्याचे लक्ष अक्षरांवर ठरत नाही. प्रश्न ऐकते, पण त्याला उत्तर सुचत नाही. पाहणाऱ्याला वाटते, हे मूल आळशी असावे किंवा मंदबुद्धी असावे. खरी गोष्ट एवढीच असते की, आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटात काही गेलेले नसते.

भूक अशी डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही. म्हणून ती मोजावी लागते, आणि ती भागविणारे अन्नही मोजूनच द्यावे लागते. शाळेतील जेवणाला माप कसे आले आणि ते माप कसोशीने पाळणे का आवश्यक आहे, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

ही हकीकत इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या शहरापासून सुरू करता येते. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. गिरण्यांच्या मालकांजवळ अमाप संपत्ती होती. पण गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक मजुरांची मुले अर्धपोटी शाळेत येत. इ. स. १९०६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून गरजू विद्यार्थ्यांना शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांना दिली. त्या वेळी अनेकांनी नाके मुरडली. मुलांना जेवू घालणे हे आईबापांचे काम, शाळेचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

तेथील शाळांचे वैद्यकीय अधिकारी डॉ. रॅल्फ क्राउली यांनी वादविवाद करण्याऐवजी वजनकाटा हाती घेतला. इ. स. १९०७ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत त्यांनी ४० गरीब मुलांना शाळेच्या दिवशी न्याहारी व दुपारचे जेवण देण्याची व्यवस्था केली. पदार्थ साधेच होते. पण कोणता पदार्थ किती द्यावा, हे विचारपूर्वक ठरविलेले होते. मुलांचे वजन वेळोवेळी करण्यात येई. हे जेवण न मिळणाऱ्या दुसऱ्या काही मुलांचेही वजन तुलनेसाठी नोंदविले जाई. जेवण मिळणाऱ्या मुलांची वजने भराभर वाढू लागली. मध्यंतरी शाळेला काही दिवस सुट्टी पडली आणि जेवण बंद झाले. सुट्टी संपून मुले परत आली, तेव्हा त्यांची वजने घटलेली आढळली! जेवण पुन्हा सुरू होताच ती पुन्हा वाढू लागली.

ज्या गोष्टीविषयी सभांमधून तासन् तास वाद चालला होता, तिचा निकाल वजनकाट्याने दिला. मुले आळशी नव्हती. ती भुकेली होती.

तथापि पोट भरले म्हणजे काम झाले, असे म्हणता येईल काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुमारे २० वर्षांनी ब्रॅडफर्डच्या उत्तरेस असलेल्या स्कॉटलंड देशात मिळाले. तेथील शास्त्रज्ञ जॉन बॉइड ऑर यांनी इ. स. १९२६–२७ च्या सुमारास काही शहरांतील शाळकरी मुलांचे गट पाडले. एका गटाला रोज ठरावीक प्रमाणात सकस दूध दिले, दुसऱ्याला साय काढलेले दूध दिले, तिसऱ्याला बिस्किटे दिली आणि चौथ्याला जादा काहीच दिले नाही. या प्रयोगातील खुबी बिस्किटांत होती. बिस्किटांपासूनही शरीराला शक्ती मिळते आणि भूकही भागते. असे असूनही दूध पिणारी मुले उंचीने व वजनाने बाकीच्या मुलांच्या पुढे गेली. बिस्किटे खाणारी मुले त्यांची बरोबरी करू शकली नाहीत. साय काढलेल्या दुधानेही मुलांची वाढ चांगली झाली, ही तर आणखी विशेष गोष्ट. स्निग्धांश निघून गेला, तरी त्या दुधात वाढत्या शरीराला लागणारी प्रथिने व खनिज द्रव्ये कायम होती.

या प्रयोगातून एक मोलाचा धडा मिळाला. पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंधन मिळाले की चूल पेटते. परंतु घर बांधण्यासाठी नुसते इंधन पुरत नाही, त्यासाठी विटा लागतात. धान्य, साखर, तेल ही शरीराची प्रामुख्याने इंधने होत. त्यांपासून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. शरीराच्या विटा म्हणजे प्रथिने. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांतून ती विपुल मिळतात. भाज्या व फळे जीवनसत्त्वे आणि खनिज द्रव्ये पुरवितात. त्यांचे काम घरातील गवंड्यासारखे आहे. गवंडी नसेल, तर विटांचा ढीग नुसता पडून राहतो.

हे ज्ञान परदेशातच मिळत होते असे नाही. त्याच काळात निलगिरीच्या डोंगरावरील कुन्नूर या गावी रॉबर्ट मॅकॅरिसन हे डॉक्टर आहाराविषयी संशोधन करीत होते. भारताच्या निरनिराळ्या भागांतील लोक जसे जेवतात, तसे जेवण तयार करून त्यांनी ते उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना दिले. एका गटाला शिखांचा आहार, दुसऱ्याला पठाणांचा, तिसऱ्याला मराठ्यांचा, याप्रमाणे गुरखा, कानडी, बंगाली व मद्रासी आहारही त्यांनी तपासून पाहिले. गव्हाची पोळी, दूध, डाळ व भाजीपाला असलेल्या शीख आहारावर वाढलेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. मराठी आहाराचा क्रमांक तिसरा लागला. सडलेला पांढरा भात हाच ज्यात मुख्य होता आणि दूध व भाजी ज्यात तुटपुंजी होती, तो मद्रासी आहार शेवटी राहिला. उंदीर सगळे एकाच जातीचे होते. त्यांच्यात फरक पडला तो केवळ ताटातील पदार्थांमुळे.

मॅकॅरिसन यांच्यानंतर डॉ. वॉलेस आयक्रॉइड हे कुन्नूरच्या संस्थेचे प्रमुख झाले. कोणत्या भारतीय पदार्थात कोणते अन्नघटक किती असतात, याची कोष्टके त्यांनी इ. स. १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. ज्वारी, बाजरी, तूर, मेथी, नाचणी अशा रोजच्या पदार्थांचा हिशेब प्रथमच सर्वांच्या हाती आला. पुढे डॉ. वि. ना. पटवर्धन यांनीही या संस्थेचे संचालकपद भूषविले. कुन्नूरहून ही संस्था हैदराबाद येथे गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. माप करण्याची विद्या अशा रीतीने आपल्या देशात सिद्ध झाली. आता ती मुलांच्या ताटापर्यंत पोहोचविणारे हात हवे होते.

ज्या मद्रास प्रांताचा आहार कुन्नूरच्या प्रयोगात शेवटी राहिला, त्याच प्रांताने या कामात पुढाकार घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मद्रास शहराच्या नगरपालिकेने इ. स. १९२० मध्येच आपल्या एका शाळेत दुपारचे खाणे देण्याचे ठरविले होते. प्रत्येक विद्यार्थ्यामागे दिवसाला एक आण्यापेक्षा अधिक खर्च करावयाचा नाही, अशी मर्यादा तेव्हा घालून दिली होती. एका आण्यात काय येणार, असे आज वाटेल. पण त्या एका आण्याने पुष्कळ मुलांना शाळेची वाट दाखविली.

इ. स. १९५४ मध्ये के. कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्यामुळे कामराजांना शाळा अर्धवट सोडावी लागली होती. शिकण्याची संधी हुकली म्हणजे काय होते, हे त्यांना कोणाकडून ऐकावे लागले नव्हते. गरिबांची मुले शाळेत न येता गुरांमागे का जातात, याचे कारण त्यांनी ओळखले. गुरे राखणाऱ्या मुलाला काही तरी खावयास मिळत असे. शाळेत बसणाऱ्याला काहीच मिळत नसे. इ. स. १९५६ मध्ये त्यांनी राज्यातील प्राथमिक शाळांत दुपारच्या जेवणाची योजना सुरू केली. सरकारची तिजोरी तुटपुंजी होती. म्हणून गावोगावच्या लोकांना साद घालण्यात आली. कोणी धान्य दिले, कोणी पैसे दिले, कोणी सरपण दिले, तर कोणी भांडी दिली. पुढे सरकारने खर्चाचा वाटा उचलला आणि योजनेची पाळेमुळे खोल रुजली. शाळांचे पट भरू लागले.

इ. स. १९८२ मध्ये त्याच राज्यात, म्हणजे आताच्या तमिळनाडूत, मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी या योजनेचा फार मोठा विस्तार केला. त्यांनीही बालपणी उपासमार सोसली होती. एवढा खर्च राज्याला झेपणार नाही, असा इशारा अनेकांनी दिला. पण योजना टिकली आणि इतर राज्यांना ती मार्गदर्शक ठरली.

भारत सरकारने इ. स. १९९५ च्या १५ ऑगस्ट रोजी सर्व देशासाठी अशी योजना जाहीर केली. परंतु बहुतेक राज्यांत मुलांना शिजलेले अन्न मिळाले नाही. नियमित हजर राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावे महिन्याला ३ किलो धान्य घरी देण्यात येई. ते धान्य घरच्या डब्यात पडे आणि साऱ्या कुटुंबात वाटले जाई. दुपारच्या सुट्टीत मुलाचे पोट रिकामे ते रिकामेच! शेवटी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर गेला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, सरकारी व सरकारी अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक प्राथमिक शाळेत मुलांना शिजवलेले जेवण द्यावे; त्यात निदान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत; आणि ते वर्षातून निदान २०० दिवस द्यावे.

या आदेशातील आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. नुसते ‘मुलांना जेवू घाला’ असे न्यायालयाने म्हटले असते, तर कोणी मूठभर भात वाढून हात झटकले असते. आकडा लिहिल्यावर तशी पळवाट उरत नाही. ज्या दिवशी जेवणाला माप आले, त्या दिवशी ते भिक्षा राहिले नाही. तो मुलाचा हक्क झाला. भिक्षा किती घालावी, हे देणारा ठरवितो. हक्काचे माप मात्र आधीच ठरलेले असते, आणि ते कमी भरले तर विचारणा करता येते. इ. स. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि हा हक्क कायद्यातही लिहिला गेला. एखाद्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर त्याबद्दल भत्ता द्यावा, असे त्याचे नियम सांगतात.

पुढे ही मापे वाढविण्यात आली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरले. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल हे प्रमाण आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, म्हणून १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व साडेसात ग्रॅम तेल ठरविले आहे. हे सारे वजन कच्च्या शिध्याचे आहे, शिजलेल्या अन्नाचे नव्हे. दिवसभराच्या गरजेचा साधारणपणे तिसरा हिस्सा या एका जेवणातून भागतो.

हे आकडे कोठून आले, याचा पडताळा घेणे कठीण नाही. १५० ग्रॅम तांदळापासून सुमारे ५२० उष्मांक व १० ग्रॅम प्रथिने मिळतात. ३० ग्रॅम तूरडाळीपासून सुमारे १०० उष्मांक व पावणेसात ग्रॅम प्रथिने मिळतात. साडेसात ग्रॅम तेल सुमारे ६७ उष्मांक देते. त्यात प्रथिने नसतात. उरलेली थोडी भर भाजी घालते. बेरीज केली, तर उष्मांक ७०० च्या आसपास आणि प्रथिने २० ग्रॅमच्या जवळ जातात.

आता समजा, एखाद्या शाळेत डाळ निम्मीच टाकली आणि वरण पातळ केले. उष्मांक फक्त ५० ने घटतील. तेवढी तूट १५ ग्रॅम जादा तांदळाने भरूनही निघेल. मुलांची पोटे भरतील, ताटे रिकामी होतील आणि कोणाची तक्रार येणार नाही. परंतु तांदळाने प्रथिनांची भर पडेल ती जेमतेम १ ग्रॅमची. त्यांच्या हिशेबात दररोज सव्वादोन ग्रॅमहून अधिक तूट राहील. २०० दिवसांत ही तूट अर्ध्या शेराच्या घरात, म्हणजे ४५० ग्रॅमहून अधिक होईल. स्कॉटलंडमधील बिस्किटे खाणाऱ्या मुलांची जी स्थिती झाली, तीच येथेही होईल. पोट भरलेले, पण वाढ खुंटलेली! पातळ वरणातील ही चोरी जिभेला कळत नाही, पोटालाही कळत नाही. ती फक्त तराजूला कळते. म्हणून शिधा मोजून काढणे, त्याची नोंद ठेवणे आणि वजनकाटा बरोबर आहे की नाही हे पाहणे, ही कामे वरवर क्षुल्लक दिसली, तरी त्यांवर मुलांची हाडे आणि स्नायू अवलंबून असतात.

माप जसे वजनाचे, तसेच स्वच्छतेचेही असावे लागते. १६ जुलै २०१३ रोजी बिहार राज्यातील सारण जिल्ह्यात एका खेड्यातील शाळेत दुपारचे जेवण घेतल्यावर २३ मुले मरण पावली. स्वयंपाकाच्या तेलात शेतीवर फवारण्याचे कीटकनाशक मिसळले गेले होते. सकाळी आईने वेणी घालून शाळेत पाठविलेली मुले संध्याकाळी परत आली नाहीत. या प्रसंगाने सारा देश हळहळला. परंतु नुसते हळहळून भागत नाही. जेवण मुलांना वाढण्यापूर्वी निदान एका शिक्षकाने ते चाखून पाहिले पाहिजे, धान्य व तेल स्वच्छ जागी ठेवले पाहिजे, आणि अन्नाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले पाहिजेत, हे आजचे नियम आहेत. चाखण्याचा नियम वाचताना साधा वाटतो. पण त्याचा अर्थ खोल आहे. जे अन्न मोठ्यांनी आपल्या मुखी घातले नाही, ते मुलांच्या मुखी घालू नये, असा तो अर्थ आहे.

महाराष्ट्रात ही योजना शालेय पोषण आहार या नावाने परिचित आहे. मुलांच्या तोंडी मात्र तिचे नाव ‘खिचडी’ असेच आहे. मग त्या दिवशी मटकीची उसळ असो की वरणभात असो! इ. स. २०२१ पासून देशभर या योजनेला पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण असे नाव आहे. खेड्यापाड्यांतील शाळांत हे जेवण बहुधा गावातल्याच बाया रांधतात. मोठ्या शहरांत ते मोठ्या स्वयंपाकघरातून गाडीने येते. भल्या सकाळी येऊन तांदूळ निवडणारी, डाळ धुणारी आणि धुराने डोळे चोळीत शंभर मुलांचे अन्न शिजविणारी ती बाई पुस्तकातील एकही धडा शिकवीत नाही. पण तिच्यावाचून पुष्कळ धडे मुलांच्या डोक्यात शिरणार नाहीत.

या जेवणाने आणखी एक काम केले आहे. सर्व मुले एका पंगतीत बसतात, एकाच भांड्यातले अन्न घेतात आणि शेजाऱ्याची जात न विचारता जेवतात. ज्या समाजात शतकानुशतके पंगती वेगळ्या मांडल्या गेल्या, त्या समाजात ही लहान गोष्ट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने इ. स. २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासी व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असे सांगितले. काही ठिकाणी त्यांच्या हातचे खाण्यास मोठ्या माणसांनी आक्षेप घेतले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. भुकेला जात नसते, डाळीलाही नसते. हे लहान मुलांना लवकर उमगते. मोठ्यांना ते मुलांकडून शिकावे लागते.

ब्रॅडफर्डच्या मुलांची वजने सुट्टीत घटली होती, ही गोष्ट येथे पुन्हा आठवावी. आपल्याकडेही उन्हाळ्याची सुट्टी लांबलचक असते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि गावात दुष्काळ पडतो, त्या वर्षी शाळेला कुलूप लागले म्हणजे कित्येक मुलांच्या एका वेळच्या जेवणालाही कुलूप लागते. म्हणून दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही हे जेवण चालू ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने इ. स. २००४ मध्येच दिला. शाळेला सुट्टी असते. भुकेला सुट्टी नसते.

या साऱ्या व्यवस्थेत मुलांना काहीच काम नाही, असे समजू नये. जेवण्यापूर्वी हात धुणे, ताटात टाकून न देणे, वाढताना लहानांना आधी वाढणे, ही कामे मुलांचीच आहेत. भाजी बाजूला सारणारा मुलगा स्वतःच्याच घरातील गवंड्याला हाकलून देत असतो. आपल्या वर्गासाठी किती डाळ निघावयास हवी, याचा हिशेब सहावीतील कोणत्याही मुलीला करता येईल. ४० मुले हजर असतील, तर ४० गुणिले ३०, म्हणजे १२०० ग्रॅम, अर्थात १ किलो २०० ग्रॅम डाळ हवी. एवढा गुणाकार ज्या शाळेतील सर्व मुलांना येतो, त्या शाळेतील वरण सहसा पातळ होत नाही.

वही घेऊन असा हिशेब मांडणारे मूल दुहेरी शिक्षण घेत असते. एक गणिताचे आणि दुसरे नागरिकत्वाचे. आपल्या हक्काचे माप काय आहे हे जाणणे, ते पुरे भरते की नाही हे नम्रतेने पण निर्भयपणे पाहणे, आणि शेजारच्या ताटातही तेवढेच पडते की नाही याकडे लक्ष ठेवणे, हे लोकशाहीचे पहिले पाठ आहेत. ते दुपारच्या सुट्टीत, पंगतीत मांडी घालून बसल्या बसल्या शिकता येतात.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) डॉ. क्राउली यांच्या प्रयोगात सुट्टीनंतर काय आढळून आले? त्यावरून काय सिद्ध झाले?
(आ) बिस्किटे खाणारी मुले दूध पिणाऱ्या मुलांच्या मागे का पडली?
(इ) कामराजांनी शाळेतील जेवणाची योजना का सुरू केली?
(ई) जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून पाहावे, या नियमाचा अर्थ स्पष्ट करा.

२. ‘ज्या दिवशी जेवणाला माप आले, त्या दिवशी ते भिक्षा राहिले नाही, तो मुलाचा हक्क झाला.’ या वाक्याचा आशय आठ-दहा ओळींत लिहा.

३. तुमच्या वर्गातील आजची हजेरी पाहा व त्यानुसार धान्य, डाळ, भाजी व तेल यांचे एकूण वजन काढा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : नाके मुरडणे, साद घालणे, हात झटकणे, दगा देणे.

५. ‘आमच्या शाळेतील पंगत’ या विषयावर निबंध लिहा.